तळणीचें तेल व आमची परीक्षा

वार्षिकाच्या संपादकांनीं 'विज्ञानाविषयीं मुलांस व पालकांस उपयोगी पडेल असें कांहीं लिहून द्या' असा आग्रह केला, तेव्हां एखाद्या मोठ्या शोधाची हकीकत लिहावी असें प्रथम आमच्या मनांत आलें. परंतु तशा हकीकती पाठ्यपुस्तकांत पुष्कळ आहेत. पाठ्यपुस्तकांत सहसा न सांपडणारी गोष्ट म्हणजे शिक्षकाची चूक. ती आमच्यापाशीं आहे. आणि आम्हांस ती ज्या मोलानें मिळाली त्या मोलानें दुसऱ्या कोणास घ्यावी लागूं नये, म्हणून येथें सांगतों.

आम्ही पनवेल तालुक्यांतील कामोठ्याचे. आमच्या आजोबांच्या वेळीं येथें भाताचीं खाचरें होतीं व खाडीच्या अंगास खारजमीन होती. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, नव्या शहरासाठीं जमिनी संपादन करण्यांत आल्या, आणि ज्या बांधांवरून आमचे वडील नांगर खांद्यावर टाकून जात असत तेथें आज सेक्टरांच्या पाट्या व उंच इमारती उभ्या आहेत. २०१६ सालीं पनवेलची महानगरपालिका झाली व कामोठेंही तींत समाविष्ट झालें. एका बाजूस शीव-पनवेल महामार्ग, जवळच कळंबोलीचा लोखंडाचा बाजार, दुसऱ्या बाजूस मानसरोवर व खांदेश्वर हीं रेल्वेचीं स्थानकें. यामुळें संध्याकाळीं आमच्या वसाहतींत माणसांचा लोंढा उतरतो, आणि त्याबरोबर वडे, भजीं व चायनीज यांच्या गाड्यांवरील कढया उकळूं लागतात.

रात्रीं दहाच्या पुढें या कढयांत जें काळपट तेल उरतें त्याचें होतें काय, हा प्रश्न आम्हांस फार दिवस छळीत होता. थोडें तेल दुसऱ्या दिवशीं ताज्या तेलांत मिसळून पुन्हां कढईंत व तेथून लोकांच्या पोटांत जाई. थोडें गटारांत ओतलें जाई व गटारांतून खाडीस मिळे. ज्या खाडीच्या चिखलांत आमची आई मुलगी असतांना चिंबोऱ्या व निवट्या धरावयास जात असे, तीच ही खाडी. पोट व खाडी या दोहोंस वांचवील असा तिसरा मार्ग कोणी दाखवील तर बरें, असें वाटे.

तो मार्ग आम्हांस वर्तमानपत्रांत सांपडला. तेल वारंवार तापविल्यानें त्यांत जीं ध्रुवीय संयुगें वाढतात तीं शेंकडा २५ च्या वर गेलीं कीं तें तेल खाण्याच्या कामीं वापरूं नये, असा नियम आपल्या देशांत १ जुलै २०१८ पासून लागू झाला. त्याच वर्षीं १० ऑगस्ट रोजीं भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें अशा वापरलेल्या तेलाचें बायोडिझेल करविण्याची 'रुको' नांवाची योजना पुढें आणली. पुढील वर्षीं त्याच तारखेस सरकारी तेल कंपन्यांनीं देशांतील १०० शहरांत असें बायोडिझेल विकत घेण्याचा मनोदय जाहीर केला, व पहिल्या वर्षासाठीं लिटरला ५१ रुपये असा दर ठरविला.

१० ऑगस्ट हीच तारीख कां, हें सांगण्याजोगें आहे. रुडॉल्फ डीझेल या जर्मन यंत्रशास्त्रज्ञाच्या इंजिनांत ऑग्सबुर्ग येथें १८९३ सालीं त्या दिवशीं प्रथम इंधन पेटलें. त्या दिवशीं तें शेंगदाण्याच्या तेलावर फिरलें असें पुष्कळ ठिकाणीं छापलेलें आढळतें. तें खरें नव्हे. शेंगदाण्याच्या तेलावर डीझेलचें इंजिन चालवून दाखविलें तें १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत. परंतु वनस्पतितेल जसेंच्या तसें जाळण्यांत एक मोठी अडचण असते. तें खनिज डिझेलच्या सुमारें दसपट दाट असतें. त्याचा तुषार नीट उडत नाहीं, तें अर्धवट जळतें, व इंजिनांत काजळी व डिंक धरतो. यावर उपाय १९३७ सालीं ब्रुसेल्सच्या विद्यापीठांतील शाव्हान नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें काढला व त्याचें पेटंट घेतलें; पुढील वर्षीं अशा इंधनावर ब्रुसेल्स व लूव्हें या दोन शहरांच्या दरम्यान प्रवाशांची बसगाडीही धांवली.

तो उपाय थोडक्यांत असा. तेलाच्या प्रत्येक कणांत ग्लिसरीनची एक खुंटी असते व तिला मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या बांधलेल्या असतात. शाव्हाननें मद्यार्काचा उपयोग केला. आज बहुधा मेथॅनॉल वापरतात. मेथॅनॉल व थोडा दाहक अल्कली तेलांत घालून तें कोमट ठेवून ढवळलें, म्हणजे त्या शेपट्या खुंटीवरून सुटतात व मेथॅनॉलशीं जोडल्या जातात. या सुट्या शेपट्या म्हणजेच बायोडिझेल. खुंटी, म्हणजे ग्लिसरीन, जड असल्यामुळें तळाशीं बसतें. १०० किलो तेलास सुमारें ११ किलो मेथॅनॉल खर्ची पडतें, व सुमारें १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन हातीं येतें. कागदावर ही गोष्ट इतकी सोपी आहे कीं ती वाचून मनुष्यास गर्व झाल्यावांचून राहत नाहीं. आम्हांसही झाला.

२०१९ च्या दिवाळीनंतर आम्हीं एका वडेवाल्याकडून उरलेलें तेल मागून आणूं लागलों, व शाळेच्या प्रयोगशाळेंत हा प्रयोग मांडला. मेथॅनॉल हें विष आहे. तें पोटांत गेल्यास दृष्टि जाते व जीवही जातो, आणि त्याची वाफ पेट घेते. म्हणून मुलांस आम्हीं त्याला हात लावूं दिला नाहीं. एवढी अक्कल मात्र शाबूत होती. दुसऱ्या दिवशीं पात्रांत दोन थर स्पष्ट दिसले: खालीं काळा काकवीसारखा, वर सोनेरी. वरचा थर पाण्यानें धुतला तों त्याचें दूध झालें. तें दोन दिवस तसेंच ठेवून दिलें, तेव्हां वर पुन्हां मधासारखा रंग आला. कांचेच्या बरणींत भरून तें आम्हीं विज्ञानप्रदर्शनांत मांडलें. पाहुण्यांनीं वाखाणणी केली, मुलांनीं टाळ्या वाजविल्या, आणि आम्हीं त्या टाळ्यांवरच आमच्या इंधनाची परीक्षा उत्तीर्ण करून टाकली.

प्रदर्शनास आमचे थोरले बंधु आले होते. दादांनीं सातवींतून शाळा सोडली ती आमची शाळा चालावी म्हणून. कर्ज काढून घेतलेल्या टेम्पोंतून ते कळंबोलीच्या बाजारांतलें लोखंड वाहतात. आम्ही नोकरीस लागल्यापासून ते आम्हांस नांवानें हांक मारीत नाहींत. 'मास्तर' म्हणतात, व तें म्हणतांना त्यांच्या तोंडावर जो आनंद दिसतो तो आम्हांस कोणत्याही पदवीहून मोठा वाटतो. बरणी उजेडाकडे धरून त्यांनीं विचारलें, "मास्तर, गाडीत चालेल का हे?"

येथें खरें उत्तर 'ठाऊक नाहीं' हें होतें. तें द्यावयास लाज वाटली. आम्हीं म्हटलें, "न चालायला काय झालं?"

पुढील कांहीं आठवड्यांत आम्हीं थोडथोडें करून वीस लिटर इंधन जमविलें, व जानेवारी २०२० मध्यें दादांनीं तें निम्म्यास निम्में डिझेलमध्यें मिसळून टाकींत ओतलें. तीन दिवस गाडी उत्तम चालली. धुरास वड्याचा वास येतो म्हणून बाजारांतले हमाल हंसत, व दादा तें घरीं येऊन कौतुकानें सांगत. चौथ्या दिवशीं पहांटे थंडी बरीच होती. लोखंडाच्या सळया भरलेली गाडी महामार्गावर धापा टाकूं लागली व कामोठ्याच्याच वळणावर बंद पडली. फिटरनें फिल्टर उघडला तों आंत बुळबुळीत, साबणासारखा लगदा. तेवढ्यावर भागलें असतें तर बरें होतें. पण इंजेक्टरही निकामी झाले होते. अकरा दिवस गाडी उभी राहिली व अडतीस हजार रुपये लागले. हे पैसे दादांनीं आमच्या पुतणीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठीं बाजूस ठेवले होते. पुढें दोनच महिन्यांनीं टाळेबंदी आली, मिळकत थांबली, व बँकेचे हप्ते मात्र डोक्यावर राहिले.

दादा आमच्यावर रागावले नाहींत. त्यांनीं एकच विचारलें, "तुझ्या पुस्तकात हे लिहिलं नव्हतं का?"

लिहिलेलें होतें. आम्हींच तें पान वाचलें नव्हतें.

टाळेबंदींत वेळ पुष्कळ मिळाला. तेव्हां आम्हीं तें पान वाचलें, उरलेल्या तेलाची परीक्षा केली, आणि आमच्या चुका एकेक करून मांडल्या. त्या विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्याव्या. कारण त्यांत रसायनशास्त्राचा एक उत्तम पाठ आहे.

पहिली चूक तेल न तपासण्याची. वडा तळतांना त्यांतील पाणी तापलेल्या तेलांत जातें व तेलाच्या कांहीं शेपट्या तेथेंच तोडतें. त्यामुळें मुक्त मेदाम्लें वाढतात. अशा तेलांत अल्कली घातला कीं तो इंधन बनविण्याचें आपलें काम सोडून त्या अम्लांशीं साबण करीत बसतो. आमच्या तेलाचें अम्लमूल्य मागाहून मोजलें तें ६ भरलें, म्हणजे शेंकडा सुमारें ३ भाग मुक्त अम्ल. अशा तेलावर आधीं गंधकाम्ल व मेथॅनॉल यांची क्रिया करून तें अम्ल उतरवावें लागतें, व मगच अल्कली घालावा लागतो. धुतांना झालेलें तें दूध म्हणजे साबणाचाच प्रताप होता. तो आम्हांस ओरडून सांगत होता. आम्ही मधाचा रंग पाहत बसलों.

दुसरी चूक अर्धवट क्रियेची. तीन शेपट्यांपैकीं एक किंवा दोन खुंटीवरच राहिल्या तर तो कण ना तेल ना इंधन असा मध्येंच लोंबकळतो, व उष्णतेनें इंजेक्टरच्या तोंडाशीं जळून बसतो. हें ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. २७ भाग मेथॅनॉलमध्यें ३ भाग इंधन घालून हलवावें. बायोडिझेल विरघळतें, न पालटलेलें तेल तळाशीं उतरतें. आमच्या नमुन्यांत तळाशीं ठळक थेंब उतरला.

तिसरी चूक पाण्याची. धुतलेलें इंधन नीट वाळविलें पाहिजे. पाण्यानें लोखंड गंजतें व टाकींत जीवजंतूंची शेवाळी धरते. तापलेल्या तव्यावर थेंब टाकला असतां तो फोडणीसारखा तडतडला तर त्यांत पाणी आहे, हें कोणतीही गृहिणी सांगेल. आमच्या घरांत ही परीक्षा रोज दोन वेळां होत होती, पण प्रयोगशाळेंत ती करावी हें आम्हांस सुचलें नाहीं.

चौथी गोष्ट ऋतूची. गाड्यांवर बहुधा पामोलिन तेल असतें. पामतेलापासून केलेलें बायोडिझेल थंडींत लवकर गढूळ होतें, व त्यांत अर्धवट राहिलेले कण असले तर अधिकच लवकर त्याचे स्फटिक होतात. शिवाय बायोडिझेल जुना मळ विरघळवितें; टाकींत वर्षानुवर्षें बसलेली घाण त्यानें सोडविली व तीही फिल्टरांत येऊन अडकली.

आतां या गोष्टींस मर्यादा किती हें पाहा. भारतीय मानक संस्थेचें बायोडिझेलसाठीं आय. एस. १५६०७ हें मानक आहे. त्याप्रमाणें इंधनांत एस्टर शेंकडा ९६.५ हून कमी नसावें. पाणी १००० किलोंत अर्ध्या किलोहून अधिक नसावें. मोकळें ग्लिसरीन शेंकडा ०.०२, म्हणजे १००० किलोंत २०० ग्रॅम, एवढेंच चालतें, अम्लमूल्य ०.५० च्या वर जातां कामा नये. इतका काटेकोरपणा कशासाठीं, असें कोणास वाटेल. पण आजच्या डिझेल इंजिनांत हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक दाबानें इंधन ज्या छिद्रांतून फेंकलें जातें तीं केसाच्या जाडीहून फारशीं मोठीं नसतात. तेथें चिमूटभर अशुद्धीस क्षमा नाहीं.

जें तळणीच्या तेलाचें तेंच इतर टाकाऊ वस्तूंचें. प्लॅस्टिक किंवा टायर हवा न लागूं देतां तापविलें तर त्यांचें तेल होतें. नागपूरच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका अलका झाडगांवकर यांनीं या शतकाच्या आरंभींच टाकाऊ प्लॅस्टिकपासून इंधन काढून दाखविलें; डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेंत ऑगस्ट २०१९ मध्यें रोज एक टन प्लॅस्टिकपासून सुमारें ८०० लिटर डिझेल काढण्याचा कारखाना सुरू झाला. हीं कामें अभिमानास्पद आहेत, पण तीं सोपीं नव्हेत. प्लॅस्टिकांत पी. व्ही. सी. मिसळलें असेल तर त्यापासून हायड्रोक्लोरिक अम्ल निघतें व तें धातु खातें. टायरच्या रबरांत गंधक मुरविलेलें असतें. म्हणून त्याच्या तेलांत शेंकडा एकाच्या आसपासही गंधक सांपडतें. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून डिझेलमध्यें गंधकाची मर्यादा दहा लक्ष भागांत १० भाग एवढीच आहे. म्हणजे हें तेल शुद्ध न करतां जाळणें हें ठरविलेल्या मर्यादेच्या हजारपट गंधक आपल्या मुलांच्या श्वासांत सोडणें होय. टाकाऊ वस्तूचें इंधन झालें एवढ्यानें ती वस्तु पवित्र होत नाहीं. तिच्यांतला दोष काढून टाकावा लागतो, व तो गेला हें मोजून दाखवावें लागतें.

पण नांवाचा मोह मोठा असतो. केंद्र सरकारनें ३० एप्रिल २०१९ रोजीं बायोडिझेलच्या विक्रीचे नियम घालून दिले. तरीही २०२० व २०२१ सालीं गुजरात व महाराष्ट्र येथें 'बायोडिझेल' या नांवाखालीं भलतेंच तेल विकणाऱ्यांवर धाडी पडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. ही लाट आमच्या घरापर्यंतही आली. २०२१ च्या पावसाळ्यांत एका संध्याकाळीं दादा एक बाटली घेऊन आले. रस्त्याच्या कडेस कोणी तरी पंपापेक्षां बऱ्याच स्वस्तांत 'बायोडिझेल' देऊं करीत होता, व बाजारांतल्या कित्येकांनीं तें घेतलेंही होतें. टाळेबंदींत थकलेले हप्ते अजून फिटले नव्हते. दादांनीं बाटली आमच्यापुढें ठेवली व म्हटलें, "मास्तर, आता सांग."

आम्हीं बाटली उजेडाकडे धरली. रंग स्वच्छ होता. मागील खेपेच्या आमच्या इंधनाहूनही सुरेख. वास घेतला, तव्यावर थेंब टाकून पाहिला. तो तडतडला नाहीं. मन म्हणत होतें, 'हो म्हणून टाक. भावाची चार पैशांची बचत होईल व गेलेली पतही परत येईल.' परंतु या वेळीं आम्हीं तोंड उघडलें तें निराळ्या उत्तरासाठीं. "दादा, मला सांगता येत नाही. डोळ्यांनी आणि नाकानी हे कळत नाही. प्रयोगशाळेचा दाखला त्याच्याकडे माग. दाखला नसेल तर घेऊ नको."

दादा थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिले. मग बाटलीचें बूच लावून म्हणाले, "आता मास्तर झालास."

दाखला मागितला तेव्हां विक्रेत्यानें तो दिला नाहीं, व दादांनीं तें तेल घेतलें नाहीं. त्या अडतीस हजारांची भरपाई आम्हीं दरमहा थोडी थोडी करीत आणिली. पुतणी एका वर्षानें उशिरा कां होईना, कॉलेजांत गेली. तें एक वर्ष मात्र आम्हांस कोणत्याही उपायानें परत देतां येणार नाहीं.

तळणीच्या तेलावरील आमचा विश्वास यामुळें उडाला असें मात्र कोणी समजूं नये. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानें २०३० पर्यंत डिझेलमध्यें शेंकडा ५ बायोडिझेल मिसळण्याचें उद्दिष्ट ठेविलें आहे, व त्यास आपल्या स्वयंपाकघरांतूनच हातभार लागूं शकतो. आमच्या इमारतींत आतां एक झांकणाचा डबा ठेवला आहे. प्रत्येक घरानें वापरलेलें तेल थंड करून, गाळून, पाण्याचा थेंब न लागूं देतां त्यांत ओतावयाचें, व डबा भरला कीं परवाना असलेल्या संग्राहकाच्या स्वाधीन करावयाचा. तो वडेवालाही आपलें तेल आतां त्यालाच देतो. पालकांस आमची एवढीच विनंती कीं, मोरींत तेल ओतूं नका, तेंच तेल पुनःपुन्हां तळणास घेऊं नका, आणि साठवितांना त्यांत गाडीचें जुनें ऑइल किंवा पाणी मिसळूं नका. इंधनाची शुद्धि कारखान्यांत पुरी होते, पण तिचा आरंभ चुलीपाशीं होतो.

विद्यार्थिमित्रांनो, हा प्रयोग घरीं करून पाहूं नका. त्यांतील द्रव्यें जीवावर बेतणारीं आहेत. परंतु त्याचा धडा मात्र जरूर घ्या. ज्ञानाच्या कामांत 'ठाऊक नाहीं' हें उत्तर लाजिरवाणें नव्हे. मोजल्यावांचून 'ठाऊक आहे' म्हणणें हें लाजिरवाणें आहे. तुमच्यावर विश्वास ठेवणारा मनुष्य जितका जवळचा, तितकी तुमच्या उत्तराची परीक्षा अधिक कडक असली पाहिजे. कारण तो स्वतः ती घेणार नाहीं. प्रदर्शनांतली ती बरणी आम्हीं अद्याप फेंकून दिलेली नाहीं. आमच्या टेबलावर ती उभी आहे. वरचा रस अजूनही मधासारखा दिसतो. तळाशीं मात्र आतां दोन बोटें काळा गाळ बसला आहे.